पाटी कोरी असताना

मार्लिस सेडलाचेक फेब्रुवारीत वारली. झालं सांगून. आता हे कुणी बोललंच नाही असं धरून चालू, कारण तिचा नवरा वर्लिन तसंच धरून चालत होता, आणि गोष्ट त्याची आहे.

तर एप्रिलमधल्या त्या शनिवारी, मार्लिसला काहीएक झालेलं नसताना, वर्लिन सेडलाचेक आपली जुनी पिकअप घेऊन दक्षिण ओमाहातल्या सिग्नलला उभा होता. डोक्यात दुपारच्या बेसबॉलच्या मॅचखेरीज काही नव्हतं. तेवढ्यात शेजारच्या गाडीची काच खाली झाली. आत चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारे, नाव कधीच न आठवणारे एक गृहस्थ. "कोच, मार्लिसचं कळलं हो. मी फ्लोरिडाला होतो, नाहीतर आलोच असतो," ते म्हणाले, आणि वर्लिनचा उजवा हात वर्लिनला न विचारता उठला. टोपीची कड, कान, छाती, पट्ट्याचं बक्कल, पुन्हा कान. तिसऱ्या बेसपाशी उभं राहून बेसवरच्या पोरांना जन्मभर ज्या खुणा केल्या, त्याच. त्यातली एकच खूण त्याला करायची होती, तळहात छातीवरून आडवा पुसत न्यायची. तिचा अर्थ, आत्तापर्यंतचं सगळं रद्द, कुणी काही सांगितलं नाही, कुणी काही ऐकलं नाही. पण हात तिथवर पोचलाच नाही, कानापाशी थांबला, आणि कानापाशी थांबलेल्या हाताचा अर्थ होता, पुढचा बेस चोर, पळ. गृहस्थांनी क्षणभर बघितलं, मान डोलावली आणि लाल सिग्नल तोडून सुसाट निघून गेले. खूण त्यांना बरोबर कळली होती. वर्लिन हिरवा दिवा लागून गेला तरी तिथेच. मागून हॉर्न वाजत होते. तो आपल्या हाताकडे बघत होता. स्टिअरिंगवर पडलेला हा जाडजूड, बोटं वाकडी झालेली हात आता आणखी काय काय बोलून जाईल, याची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

सेंट व्हिटस हे अंग झटकणाऱ्यांचं आणि नाचणाऱ्यांचं साकडं ऐकणारे संत. त्यांच्या नावाच्या कॉलेजात वर्लिन आधी खेळाडू होता, मग कोच झाला, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून अंगभर थापट्या मारून घेणाऱ्या माणसाला दुसरे कुठले संत परवडलेही नसते. देशातले सगळे कॉलेज कोच एकच स्वप्न बघत म्हातारे होतात, जूनमधल्या शेवटच्या स्पर्धेसाठी ओमाहाला पोचायचं. खोलीत पाटी लावतात, ओमाहा. पोरांच्या टोप्यांच्या आत लिहितात, ओमाहा. वर्लिन ओमाहातच जन्मला, ओमाहातच वाढला, आणि ओमाहाला पोचायचं त्याचं राहून गेलं. कारण ती स्पर्धा मोठ्या कॉलेजांची, आणि व्हिटस एवढंसं. एकदाच, तो स्वतः पिचरचा बॉल झेलणारा कॅचर असताना, व्हिटसचा संघ कसा कोण जाणे त्या स्पर्धेपासून एका मॅचवर येऊन ठेपला होता. लॅम्बर्ट कुचेरा बॉल टाकत होता आणि समोरच्यांची पाटी कोरी होती. म्हणजे शेवटाकडे आलेल्या मॅचमध्ये त्यांच्या एकालाही बॉल मारून बेस गाठता आला नव्हता, एकही हिट नव्हती. या गोष्टीला बेसबॉलमध्ये नाव आहे, पण ती चालू असताना ते घेत नाहीत, जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. नाव तर सोडाच, त्या पिचरशी कुणी बोलतही नाही. बाकावर त्याच्या आजूबाजूची जागा आपोआप रिकामी होते, कुणी त्याच्याकडे बघत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा त्याच्यासाठी लांब ठेवून लोक मागे सरकतात. बोललं की मोडतं. वर्लिन तेव्हा वीस-एकवीसचा, आनंदाने फुटायला आलेला, तो उठून लॅम्बर्टपाशी गेला आणि म्हणाला, "लॅम्बर्ट, आता थोडकेच उरलेत रे." पुढचा बॉल भिंतीपलीकडे गेला. शेजारच्या प्राणिसंग्रहालयात एक सिंह ओरडला. लॅम्बर्ट पुढे विमा कंपनीत लागला आणि त्याने वर्लिनशी जन्मभर बोलणं टाकलं. फेब्रुवारीत तो हातात टोपी धरून वर्लिनसमोर येऊन उभा राहिला होता, तेव्हाही काही बोलला नाही, पण ते वेगळ्या कारणाने. आणि फेब्रुवारीत तर काही झालंच नव्हतं.

लॅम्बर्टची ती मॅच हरल्यावर वर्लिनला एका बारक्या व्यावसायिक संघाने उचललं. तीन उन्हाळे तो आयडाहोतल्या बसमध्ये बसून होता. मधूनमधून बस थांबली की खेळायचा. मग गुडघा गेला. परत आला तो जूनमध्ये, स्पर्धेच्या दिवसांत. टेकडीवर तेव्हा जुनं स्टेडियम होतं आणि आसपासचे लोक आपापल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देत. रस्त्याच्या मधोमध एक मुलगी उभी होती आणि दोन्ही हात फिरवून गाड्या बापाच्या अंगणात वळवत होती. एवढा स्वच्छ हातवारा त्याने कुठल्याही कोचचा पाहिला नव्हता. ये, ये, आणखी ये, थांब. त्यात दोन अर्थ निघतच नव्हते. वर्लिन मागल्या गल्लीत राहायचा. त्याने घरी जाऊन गाडी काढली, रांगेत लावली आणि पैसे मोजून मार्लिसच्या अंगणात उभी केली. "मॅचला जाणार ना?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "गाडी लावायला आलोय." दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे बघ, तुझं काही म्हणणं असेल तर बोलून टाक. तुझ्या गाडीचं तेल गळतंय आणि बाबांची हिरवळ जळतेय." तो बोलला नाही, पण चौथ्या दिवशी गाडीखाली पत्रा ठेवला, आणि तिने तेवढ्यावर भागवून घेतलं. पुढेही तिने नेहमी तेवढ्यावरच भागवून घेतलं, आता वाटतं. बोलायचं खातं तिच्याकडे होतं. व्हिटसच्या मैदानावर, बॅट घेऊन उभं राहायची जागा असते त्या होम प्लेटच्या मागे, उंचावर, लाकडी खोका आहे. त्यात बसून ती माइकवरून प्रत्येक पोराचं नाव घ्यायची. पोलिश, चेक, मेक्सिकन, सुदानी, कुठलंही नाव असू दे, आधी त्या पोराच्या आईला फोन करून उच्चार विचारून घ्यायची. पोरं बॅट घेऊन निघताना क्षणभर थबकायची, नाव पूर्ण होऊ द्यायची, मग पुढे जायची. या हंगामात माइक बिघडला होता. म्हणजे वर्लिनने कॉलेजला तसं कळवलं होतं. कॉलेजने एक इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने तपासलं, माइक ठणठणीत. "बिघडलाय," वर्लिन खाली उभा राहून म्हणाला. इलेक्ट्रिशियनने त्याच्याकडे बघितलं, खोक्यातल्या खुर्चीवरच्या विणलेल्या उशीकडे बघितलं, मग पक्कड काढून एक तार तोडली. "खरंच की," तो म्हणाला, "पार गेलाय." 

त्यामुळे त्या दुपारी पोरं बिननावाचीच खेळायला येत होती. वारा असा, की डगआउटमध्ये, संघाच्या बाकावरच्या खोलगट छपरीत, थुंकलेली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं परत तोंडावर यायची. आणि एलिसेओ ओरोस्को, ज्याला सगळे चेओ म्हणत, बॉल टाकत होता, आणि नऊपैकी पाचवी इनिंग संपली तरी समोरच्यांची पाटी कोरी होती. लांबचलांब बाकाच्या एका टोकाला चेओ एकटा, अंगावर जाड जॅकेट, दुसऱ्या टोकाला सगळा संघ एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखा. असिस्टंट कोच हॅलोरन मिठाच्या गोण्या मोजत असल्यासारखा आढ्याकडे बघत होता. तिथे गोण्या नव्हत्या. प्रेक्षकांत चेओची आई बसली होती, तिनेसुद्धा पदर ओढावा तशी स्वेटरची टोपी तोंडावर ओढून घेतली होती. वर्लिन तिसऱ्या बेसपाशी कोचसाठी आखलेल्या चौकोनात उभा राहून खुणा करत होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चेओला बघत होता. बघू नये हे माहीत असूनही. अंगावर जाड जॅकेट घेऊन, सगळ्यांपासून लांब, एकटंच बसलेलं माणूस. हे चित्र त्याने या आधी कुठे पाहिलं ते त्याला चांगलं माहीत होतं, आणि तिकडे जायचं नाही म्हणून तो मान वळवायचा, आणि मान परत वळायची.

मार्लिसला दोन वर्षांपूर्वी पहिलं ते झालं होतं. कापून काढलं, औषधं झाली, केस गेले, केस आले. मग दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि दर तीन महिन्यांनी उत्तर यायचं, स्वच्छ आहे. पुन्हा स्वच्छ. पुन्हा. आणि वर्लिनच्या लक्षात आलं, की पाटी कोरी आहे. त्याने ठरवून केलं नाही काही. कॅचरचं अंग, ते आपोआप सरकलं. आधी तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागला. मग जेवताना तिच्या नजरेला नजर देईना. ती काही म्हणायला लागली की उठून भांडी घासायचा, घासून ठेवलेली परत घासायचा. तपासणीच्या दिवशी तिला दवाखान्याच्या दारात सोडून तो गाडीतच थांबायचा, रेडिओसुद्धा बंद. पुढे पुढे तिचा श्वास ऐकला तरी मोजल्यासारखं होईल म्हणून खाली तळघरात बॅटांच्या शेजारी झोपायला लागला. तिला दिसेल असा नाही, पण रात्रभर जागाच असायचा, आणि वरच्या फरशीवर तिची पावलं वाजली की डोळे मिटून घ्यायचा. एकदा ती जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. "वर्लिन," ती म्हणाली, "मला काही लागण झालीय का रे?" त्याने बॅटच्या लाकडाला हात लावला. "मी अजून घरात आहे हं," ती म्हणाली. "तुला आपलं माहीत असावं म्हणून सांगते." थोडी वाट बघून ती हसली. "बरं बाई. कोचने खूण केली नाही, मी आपली बेसवरच उभी." आणि दिवा मालवून गेली. त्या वेळी त्याला वाटलं होतं, की तिला कळलंय. खेळाच्या मैदानावर तीस वर्षं काढलेल्या बाईला ही साधी रीत कळणार नाही का? आपण तिच्यावर इतका जीव टाकतोय, की तिच्याशी बोलतसुद्धा नाही, यापरतं आणखी काय दाखवायचं माणसाने? नंतर केव्हातरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की कुशीत तिला ऑगस्टपासून दुखत होतं. ऑगस्टपासून. "मग बोलली का नाहीस?" वर्लिनने दवाखान्याच्या कॉटपाशी विचारलं, आणि मार्लिसने त्याच्याकडे बघितलं, अगदी गोड, जरासं गमतीने, नवख्या पोराने नियम विचारावा तसं. "आपल्या घरात बोलत नाहीत ना," ती म्हणाली.

सातव्या इनिंगला व्हिटसचा एक पोरगा दुसऱ्या बेसवर होता. वर्लिन त्याला खुणा करायला लागला, टोपी, छाती, आणि त्याची मान वळली. बाकाच्या टोकाला चेओने उजवा हात मांडीवर घेतला होता आणि डाव्या हाताने त्याची करंगळी आणि शेजारचं बोट उलगडून सरळ करत होता. सोडलं की दोन्ही बोटं परत मिटत होती. सगळा संघ ते बघत होता. सगळा संघ ते बघत नव्हता. कोपर असं गेलं की बोटं अशी होतात, हे त्या डगआउटमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि बोलायचं नसतं हेही प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि चेओला तर सगळ्यात जास्त. आणखी थोडा वेळ हे असंच चाललं, तर पाटी कोरी राहील, पेपरात फोटो येईल, आणि हा हात पुन्हा कधी बॉल टाकणार नाही.

वर्लिन चालायला लागला. डाव चालू असताना तिसऱ्या बेसचा कोच चौकोन सोडून मैदानातून आडवा चालत निघाला, हे अंपायर टिब्सने आपल्या हयातीत पाहिलं नव्हतं. त्याने घाईघाईने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला. दुसऱ्या बेसवरचा पोरगा रिकाम्या चौकोनाकडे बघत खुणेची वाट पाहत राहिला. वर्लिन डगआउटच्या पायऱ्या उतरला, बाकाच्या त्या टोकाला गेला आणि चेओच्या शेजारी, मांडीला मांडी लावून बसला. लांबच्या टोकाकडून कुणीतरी "अरे देवा," म्हणालं.

"हात कसाय?"

चेओने आधी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का. "कोच, तुम्ही माझ्याशी बोलताय."

"हो."

"आत्ता?"

"हात कसाय विचारलं."

"बराय."

"करंगळी हलव."

चेओने करंगळीकडे बघितलं. ती शेजाऱ्याची असल्यासारखी पडून होती.

"कधीपासून?"

"चौथ्या इनिंगपासून." त्याचा आवाज एकदम बारका झाला. "सांगणार कुणाला, कोच? सगळे तिकडे जाऊन बसले."

वर्लिनने तोंड उघडलं ते, जा, बर्फ लाव, असं म्हणायला. हॅलोरनला दुसरा पिचर तयार करायला सांगायला. त्याऐवजी त्याच्या तोंडून निघालं, "मार्लिस गेली, चेओ."

बाकाच्या त्या टोकाला टरफलं थुंकायची थांबली.

"माहितेय, कोच," चेओ जपून म्हणाला. "मी पेटी उचलायला होतो."

"तू?"

"उजव्या बाजूला. आधी डावीकडे होतो. तुम्हीच ओरडलात, फेकायचा हात लावू नकोस म्हणून, मग फादरनी सगळ्यांना थांबवलं आणि मला बाजू बदलून दिली. डाव्या हाताने उचलली मी. जड नव्हती."

वर्लिनला हे आठवत नव्हतं, आणि मग आठवलं, सगळंच. थडग्यापाशी गोठलेली माती, कुणाच्या तरी आईने आणलेले कोलाचे, जर्दाळू भरलेले ते गोड पाव, पेटीच्या मागे चालताना स्वतःचाच आवाज, मैदानावरचा, की हात सांभाळ, हात सांभाळ. बायकोच्या मयतीत तो तेवढंच बोलला होता. इतके आठवडे तळहाताने पुसत आणलेलं एका वाक्यात परत उमटलं. त्याने चेओचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची ती दोन बोटं सरळ करत बसला. सोडली की मिटायची. परत सरळ करायचा.

"कोच," हॅलोरन बिचकत जवळ आला. "काढताय की काय त्याला? पाटी..." आणि त्याने जीभ चावली.

"कोरी आहे," वर्लिन मोठ्याने म्हणाला. "एकही हिट बसलेली नाही. सगळ्यांनी ऐकलं? काढतोय."

चेओ रडायला लागला, आणि ते हातासाठी होतं, पाटीसाठी होतं की सुटल्यासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. "आई मारेल मला," तो म्हणाला.

"आईला सांग कोचने केलं."

"तुम्हाला पण मारेल."

तिने मारलं नाही. पण आठव्या इनिंगला चेओच्या जागी दुसराच कुणी पिचरच्या टेकाडावर चढलेला दिसला तेव्हा ती उभी राहिली आणि स्पॅनिशमध्ये जे बोलली, त्याला निम्म्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या निम्म्यांनी वर्लिनची हुर्यो उडवली. नव्या पिचरने पहिला बॉल टाकला. टण्णकन आवाज आला आणि बॉल दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून, गवताला हात फिरवत, लांब गेला. धावफलकावर हिटच्या घरात, जिथे इतका वेळ शून्य होतं, तिथे एक आला. सगळं मैदान एकदम सैल पडलं. पोरं बाकावर पसरली, कुणी पाणी प्यायलं, कुणी चेओच्या डोक्यावर टपली मारली, दोघेतिघे एकाच वेळी त्याच्याशी बोलायला लागले. झालं होतं ते मोडून. आता बोलायला काही हरकत नव्हती. वर्लिन ते बघत राहिला. मोडल्यानंतर किती सोपं असतं, किती लगेच येतात माणसं जवळ. दवाखान्यातसुद्धा शेवटी शेवटी तो कॉटला खुर्ची अगदी भिडवून बसायचा, तिचा हात धरून बडबडत असायचा, हिरवळीवरचं तेल, आयडाहोतल्या बस, काय वाट्टेल ते, आणि तिला औषधांनी झोप लागलेली असायची.

तो उठला आणि होम प्लेटकडे चालत गेला. टिब्सने मुखवटा वर केला. दोघे एकमेकांविरुद्ध खेळलेले, मग एकमेकांवर ओरडत म्हातारे झालेले.

"आता काय?" टिब्स म्हणाला. "आज मैदानात फिरायला आलायस का?"

"हरकत नोंदवायचीय."

"कशावर? हिट होती रे ती. माझ्या आजीलासुद्धा दिसली असती, आणि ती आंधळी होती."

"हिटवर नाही."

टिब्सने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. कोचने हरकत घेतली तर अंपायरला ती ऐकून घ्यावी लागते. मग ती नियम समितीकडे जाते, आणि समितीला पटली, तर चूक झाली त्या जागेपासून मॅच परत खेळवतात, सगळ्यांना आपापल्या बेसवर परत उभं करून. आजवर पटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तरी टिब्सने पाठीमागच्या खिशातून पेन्सिल काढली, ओठाला लावून ओली केली आणि समोरच्या संघाच्या कॅचरला म्हणाला, "बाळा, तू जरा तिकडे जा." मग वर्लिनकडे वळून, "बोल. सावकाश सांग."

वर्लिनने टोपी काढून काखेत धरली. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले.

"सेंट व्हिटस कॉलेजचा मुख्य कोच या नात्याने मी पुढीलप्रमाणे हरकत नोंदवतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी संध्याकाळी, आमच्या स्वयंपाकघरात मार्लिस सेडलाचेक हिने फोन खाली ठेवला, वळून बघितलं आणि 'स्वच्छ आहे म्हणाले' असं सांगून दोन्ही हात पुढे केले. त्या वेळी सिंकपाशी उभ्या असलेल्या कोचने तिच्याकडे पाठ करून नळ सोडला. हा निर्णय नियमबाह्य होता. सबब, समितीस नम्र विनंती, की त्या क्षणानंतर झालेला सर्व खेळ रद्द धरण्यात यावा, दोन्ही खेळाडूंना आपापल्या जागी परत पाठवण्यात यावं, तिला टेबलापाशी, त्याला सिंकपाशी, नळ बंद असावा, आणि तिचे हात पुढे आहेत तिथून खेळ पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळावी. निकाल काहीही लागला तरी तो या कोचला मान्य राहील."